पुरातली मगर, माळ्यावरचं ‘जुरासिक पार्क’ आणि सासूबाईंचा प्रश्न

समा_सावली

काल माळा आवरताना ‘जुरासिक पार्क’ची माझी जुनी प्रत हाती लागली. बडोद्यातल्या २०२४च्या पुरात खालच्या कपाटातल्या सगळ्या पुस्तकांचा लगदा झाला, ही माळ्यावर होती म्हणून वाचली. मागचं कव्हर केव्हाच गेलंय, पानं पार पिवळी, आणि समासात माझ्या नववीतल्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ. तिथेच शिडीवर बसून वाचायला लागले. पोळ्या राहिल्या, शेवटी लेकाने खिचडी लावली.

१९९४चा उन्हाळा. हिंदीत डब केलेला सिनेमा लागला होता. आमच्या पोळमधली, म्हणजे गल्लीतली, सगळी पोरं बघून आली होती आणि ओटल्यावर बसून डरकाळ्या फोडायची. मला नेमक्या कांजिण्या, त्यामुळे माझा सिनेमा हुकला. मामेभाऊ मुंबईला शिकत होता, त्याने फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून हे पुस्तक आणून दिलं. म्हणाला, सिनेमा यावरूनच काढलाय, हे वाच. मी मराठी माध्यमाची, इंग्रजी कादंबरी कधी हातात धरलेली नव्हती. मांडीवर शब्दकोश, गच्चीवर लोंबता बल्ब. महिना लागला.

सिनेमा पुढे बघितला, आवडलाही. पण माझ्या मनात घर करून बसलेला प्रसंग दातांचा नाही, आकड्यांचा आहे. एका बेटावरच्या पार्कात पुन्हा जन्माला घातलेले डायनोसॉर, त्यांना कॉम्प्युटर सतत मोजत असतो. असायला हवेत २३८. मोजले की येतात २३८. सगळे निर्धास्त. मग तो गणिती माल्कम म्हणतो, जास्त आहेत का ते शोधून बघा. आणि आकडा येतो २९२! कॉम्प्युटरला २३८ सापडले की थांबायलाच शिकवलेलं. एखादा हरवला तर कळावं एवढीच काळजी घेतलेली. वाढले तर? सगळ्या माद्याच आहेत, पिल्लं होणारच नाहीत, हे आधीच ठरवून टाकलेलं, मग वाढलेले कोण कशाला मोजेल. रॅप्टर, म्हणजे शिकारी जातीचे डायनोसॉर, असायला हवेत ८, निघतात ३७. त्या पानावर पुस्तक मिटलं आणि गच्चीवरून उतरून आईजवळ जाऊन झोपले.

आता पूर. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, विश्वामित्री नदी घरात. खाली कमरेएवढं पाणी, दोन दिवस लाइट नाही. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि पार्किंगमागे मगर दिसली. प्राणिमित्र संस्थेची मुलं आली, फार कौशल्याने पकडली. सात फूट असेल. सगळी सोसायटी बाल्कनीतून बघत होती, टाळ्या वाजल्या, फोटो झाले. मुलं गाडी सुरू करणार तेवढ्यात आमच्या सासूबाई वरून म्हणाल्या, “एकच होती हे कोणी बघितलं?”

माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षांपूर्वीचं तेच पान.

मुलं परत उतरली, टॉर्च घेऊन सगळं फिरली. जिन्याखाली, जुन्या सायकलींच्या मागे, दोन फुटांचं पिल्लू होतं. त्याच जिन्यावर सकाळपासून पोरं वरखाली करत होती.

म्हणून हा धागा. माझं मत सांगते: कादंबरी म्हणून ती सगळी सारखी चांगली नाही. पात्रं वरवरची आहेत, लेक्स ही मुलगी फार किरकिर करते, जखमी माल्कम पडल्यापडल्या पानंच्या पानं भाषण देतो, आणि शेवटचा रॅप्टरच्या बिळात शिरायचा भाग मला तेव्हाही लांबल्यासारखा वाटला, कालही वाटला. पण ती मोजणी! मायकेल क्रायटनने दुसरं काहीही लिहिलं नसतं तरी मी त्याला मानलं असतं. तुम्ही कधी वाचलंत, कुठे, काय वाटलं, लिहा. मगरीचे अनुभवही चालतील.

मांजलपूरची_मावशी

पुस्तक नाही वाचलं ग, सिनेमा पोरांबरोबर बघितला होता, चमच्यातली जेली थरथरते तेवढं आठवतंय. पण सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आमच्याकडे पुरात मगर नाही, साप आले. तीन. धामण होती म्हणतात, बिनविषारी. पण अंधारात तिला कोण विचारणार तू कोण म्हणून. आमचे हे टेबलावर उभे राहून हनुमान चालिसा म्हणत होते.

आकडेमोड

समाताई, तुम्ही माझं आवडतं पान सांगितलंत, पण त्याच्या अलीकडचं एक सोडलंत. मी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स केलं, तिथे वसतिगृहात एका रात्रीत पुस्तक संपवलं. बेटावरच्या छोट्या कॉम्पी डायनोसॉरांच्या उंचीचा आलेख माल्कमला दाखवतात. छान घंटेसारखा, मधे फुगीर, दोन्हीकडे उतरता. पार्कवाले म्हणतात, बघा, किती निरोगी कळप. आणि माल्कम तिथेच ओळखतो की गडबड आहे. कारण प्राणी सोडलेत तीन तुकड्यांत, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. मग आलेखाला तीन उंचवटे हवेत ना? एका वयाचे, दुसऱ्या वयाचे, तिसऱ्या वयाचे. एकच गुळगुळीत घंटा आली याचा अर्थ तिथे सगळ्या वयांचे प्राणी आहेत. म्हणजे जन्मताहेत.

मी वाचता वाचता उठून उभा राहिलो होतो. रूममेटला उठवून सांगितलं, तो कूस बदलून झोपला. दोन वर्षं वर्गात शिकलेला नॉर्मल कर्व्ह मला त्या रात्री समजला. आता मी स्वतः शिकवतो, दर वर्षी हेच उदाहरण देतो.

आणि विश्वामित्रीतल्या मगरींची गणतीही होते बरं का. २०२५च्या गणतीत ४००च्या वर मगरी भरल्या. रात्री पाण्यावर टॉर्च मारतात, मगरीचे डोळे लाल चमकतात, ते मोजायचे. दिवसा काठावर ऊन खात पडलेल्या मोजायच्या. इथे आधी ठरवलेला आकडा नसतो, म्हणून ती खरी मोजणी.

कुकरची_शिट्टी

वा! माझंही आहे सांगण्यासारखं. कणीक भिजवून येते.

निझामपुरा१९८८

मी लॉकडाऊनमध्ये वाचलं, मोबाईलवर. मला सिनेमापेक्षा पुस्तकातला पार्कचा मालक हॅमंड फार आवडला, म्हणजे माणूस म्हणून नाही, लिहिलाय म्हणून. सिनेमात प्रेमळ आजोबा करून टाकलाय, वाचतो पण. पुस्तकात तो शेवटपर्यंत हिशोब करणारा हट्टी म्हातारा आहे, दुसऱ्यांवर खापर फोडत फिरतो, आणि त्या छोट्या कॉम्पींच्याच तावडीत सापडतो. त्याची नातवंडं टिम आणि लेक्स, तीही उलटी आहेत. पुस्तकात टिम मोठा आणि कॉम्प्युटरही तोच चालवतो, सिनेमात ते काम लेक्सला दिलंय. समाताईंना लेक्स किरकिरी वाटली ती त्यामुळेच, पुस्तकात ती फारच लहान आहे. सात-आठ वर्षांच्या पोरीने किरकिर नाही करायची तर काय करायचं?

फतेगंज_फास्ट

अहो शेवट काय सांगताय!! मी हा धागा बघून आज सकाळीच सुरू केलंय

निझामपुरा१९८८

माफ करा हो. पुस्तक १९९०चं आहे, वाटलं सगळ्यांचं वाचून झालं असेल. खरंच माफ करा. अजून बरंच बाकी आहे, थांबू नका.

समा_सावली

निझामपुरा, लेक्सबद्दल पटलं. माझ्या भाचीला घेऊन मी एकदा पावागडला गेले होते, नुसत्या उन्हाने तिने केवढा गोंधळ घातला होता. मागे टी-रेक्स असता तर.

आकडेमोड सर, त्या आलेखाचं पान माझ्या प्रतीत आहे आणि समासात मी लिहिलंय “समजलं नाही”. आज समजलं. ३१ वर्षांनी!

डाळभात

मी आहारतज्ज्ञ आहे, माझं घोडं वेगळ्याच पेंडीवर अडलं. लायसिन, प्रथिनांतला एक घटक. प्राणी बेटाबाहेर पळाले तरी जगू नयेत म्हणून त्यांना असं बनवलेलं असतं की शरीर लायसिन तयार करू शकणार नाही, गोळ्या मिळाल्या नाहीत तर मरतील. वाचताना मी पेन खाली ठेवलं. अहो, लायसिन आपणही तयार करत नाही! कुठलाच पाठीचा कणा असलेला प्राणी करत नाही, ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. तांदळात आणि गव्हात ते कमी, तूर-मूग-चण्यात भरपूर, म्हणून वरणभात ही इतकी शहाणी जोडी. हे मी दिवसातून चार वेळा लोकांना समजावते.

पण लेखकाला पूर्ण माफी दिली, कारण पुढे काय होतं? पळालेले प्राणी लायसिनवाल्या शेंगा, सोयाबीन आणि कोंबड्या शोधून खातात. म्हणजे कुलूप लावणारा चुकला, पण कुलूप कसं उघडेल ते लेखकाने बरोबर ओळखलं. भुकेलं शरीर आपल्याला लागेल ते हुडकून काढतं. गरोदर बाई भाजलेली माती का मागते, ते माझ्या आजीला विचारा.

मांजलपूरची_मावशी

डाळभात ताई, माझी बी-१२ची गोळी चालू आहे, त्याचं पण असंच का? लोणच्याने वाढतं म्हणतात.

डाळभात

नाही मावशी, लोणच्याने नाही वाढत. दूध-ताक ठेवा, आणि गोळी डॉक्टर सांगतील तोवर सोडू नका.

कुकरची_शिट्टी

आले. पुस्तकाचं नंतर, आधी कमाटी बागेतल्या म्युझियमचं. कोणालाच त्या देवमाशाच्या सांगाड्याची आठवण नाही झाली? मी पाचवीत असेन. मोठ्या काकांनी नेलं होतं. वर मान करून बघितलं तर सांगाडा संपेचना, सत्तर फुटांच्या वर आहे तो. मला वाटायचं रात्री म्युझियम बंद झालं की तो उठून नदीत जात असेल, बागेतूनच नदी जाते ना. आणि ती ममी. काचेत झोपलेली. काका म्हणाले, ही हजारो वर्षांची आहे. मी विचारलं, उठवता येईल? काका हसले नाहीत, नीट विचार करून म्हणाले, “शरीर आहे, पण ते चालवायची कृती हरवली.” पुढे कॉलेजात ‘जुरासिक पार्क’ वाचताना ते वाक्य पानापानावर आठवत होतं. अख्खी कादंबरी त्या हरवलेल्या कृतीचीच तर आहे. काका आता नाहीत, नाहीतर हा धागा वाचून दाखवला असता.

रावपुऱ्याचा

म्युझियम बघून बाहेर सेव उसळ. ती राहिली सांगायची.

निझामपुरा१९८८

वर तर्री, पाव वेगळा, कांदा जास्त. भूक लागली.

कुकरची_शिट्टी

आम्हाला सेव उसळ नाही, भुईमुगाच्या शेंगा मिळायच्या. काका शिस्तीचे. पण शेंगा सोलून देणार ते.

खडक_आणि_माती

मी भूविज्ञानाचा विद्यार्थी होतो, आता नोकरी वेगळी आहे, पण हा धागा बघून बोटं शिवशिवली. आपण बडोदेकर ‘जुरासिक पार्क’ वाचतो तेव्हा ते कुठल्यातरी दूरच्या बेटावरचं वाटतं. बालासिनोरजवळचं रायोली आपल्यापासून दोन तासांवर आहे! १९८०च्या दशकात तिथे सर्वेक्षणाच्या लोकांना हाडं आणि अंडी सापडली. त्या हाडांवरून २००३ साली एका नव्या डायनोसॉरला नाव दिलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. वीस फुटांहून लांब, मांसाहारी, डोक्यावर बुटकं शिंग. नावात आपली नर्मदा. आम्ही तिथे फील्डला गेलो होतो, उन्हाने डोकं फुटत होतं. सरांनी जमिनीतला एक गोल दाखवला, म्हणाले, पाय जपून ठेव, तू घरट्यात उभा आहेस. मी पटकन बाजूला झालो. सहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या आईची माफी मागावीशी वाटली, मनात मागितलीही.

दुसरं, कादंबरीतला तो तृणमणी. डासाने डायनोसॉरचं रक्त प्यायलं, तो झाडाच्या चिकात अडकला, चीक गोठून दगडासारखा झाला. कादंबरीत त्या रक्तातल्या डीएनएसाठी जगभर माणसं पाठवतात. आपल्या सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीत तसा तृणमणी ढिगाने निघालाय, आत मुंग्या, माशा, कोळी, अगदी पायावरचे केस दिसतील असे. २०१० साली त्यावर मोठा शोधनिबंध आला होता. फक्त तो आहे साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि डायनोसॉर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपल्या डासाला उशीर झाला. आणि डीएनए तेवढा टिकतही नाही. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ साली हिशोब मांडला, त्या हाडांत ५२१ वर्षांत डीएनएचे निम्मे दुवे तुटतात. मग कोट्यवधी वर्षांची गोष्टच सोडा. हे कळलं त्या दिवशी मी दुःखी झालो होतो, खोटं कशाला सांगू. लहानपणी वाटायचं कोणीतरी करेलच.

समा_सावली

तृणमणी! किती सुंदर शब्द. हा माझ्या शब्दकोशात असता तर. माझ्या समासात ‘अँबर’पुढे लिहिलंय “अंबर, अत्तरात घालतात, देवमाशापासून”. मी पुस्तकभर असं समजत होते की डास अत्तरात बुडवून ठेवलेत, आणि ते अत्तर म्युझियममधल्या सांगाड्यासारख्या देवमाशातून काढलंय. मला ते अजिबात विचित्र वाटलं नव्हतं, उलट फार श्रीमंत वाटलं होतं.

खडक_आणि_माती

तृण म्हणजे गवत. कापडावर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो, म्हणून तृणमणी. ग्रीकांनी त्याला इलेक्ट्रॉन म्हटलं, विजेचं नाव तिथूनच आलं. तुमचा अर्थही अगदीच चुकला नाही, देवमाशाचा अंबर वेगळा आणि हा वेगळा, पण इंग्रजीतही दोघांच्या नावांची अशीच गल्लत झालेली आहे.

कंट्रोल_रूम

नाइट शिफ्टहून आलोय, झोप येत नाही म्हणून लिहितो. रासायनिक कारखान्यात २२ वर्षं पॅनेलवर बसतोय. मला या पुस्तकात डायनोसॉर दिसतच नाहीत, मला पॅनेल दिसतं. पार्कच्याच एका प्रोग्रामरच्या कारस्थानामुळे यंत्रणा बिघडते, मग सगळं बंद करून परत चालू करतात. दिवे लागतात, स्क्रीन येतात, सगळे हुश्श करतात. आणि कोणाच्याच लक्षात येत नाही की पार्क स्टँडबाय जनरेटरवर चाललंय, मुख्य वीज चालूच केलेली नाही, आणि या विजेवर कुंपणात करंट नसतो. कित्येक तास. रॅप्टरच्या कुंपणातसुद्धा.

हे वाचून मी दोन दिवस गप्प होतो. माझ्या पहिल्या नोकरीत (नाव नको) असंच झालं होतं. पॉवर गेली, आली, पॅनेलवर सगळे दिवे हिरवे. मी नवीन, चोवीस वर्षांचा. सीनियर काका चहा घेत होते, अचानक कप ठेवला आणि म्हणाले, “पंपाचा आवाज ऐक.” आवाज नव्हता. दिवा हिरवा, पंप बंद. दिवा फक्त हुकूम गेला एवढं सांगत होता, पंप फिरला की नाही ते नाही. आणखी दहा मिनिटं गेली असती तर आज मी हे लिहीत नसतो. तेव्हापासून मी दर फेरीला पंपाला हात लावतो. हाताला कंप लागला पाहिजे. नवीन मुलांना मी हे पुस्तक वाचायला देतो, इंग्रजी जमत नसेल तर तेवढा भाग गुजरातीत सांगतो, मराठीत सांगतो.

मांजलपूरची_मावशी

बाप रे दादा. काळजी घ्या हो. आता झोपा.

काठावरचा

सगळे कौतुक करताय, मी थोडं वेगळं बोलतो. मला हे पुस्तक खटकलं. प्रत्येक वेळी विज्ञान केलं की राक्षसच का निघतो? मी नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचत मोठा झालो. त्यांच्यात संकट असतं, पण तोडगा काढणारंही विज्ञानच असतं, आणि शास्त्रज्ञ घरी येऊन चहा पिणाऱ्या माणसांसारखे. २० मे २०२५ला ते गेले तेव्हा मला घरातलं कोणी गेल्यासारखं झालं. क्रायटनच्या पुस्तकात शास्त्रज्ञ एक तर लोभी, नाही तर उपदेशक. माल्कम तर मला सहनच होत नाही. नुसतं “मी सांगितलं होतं” म्हणायला काय लागतं.

आकडेमोड

काठावरचे, नारळीकरांबद्दल अगदी मनातलं बोललात. माल्कमच्या भाषणांबद्दलही सहमत. पण विज्ञान वाईट असं पुस्तक म्हणतंय असं मला वाटत नाही. चूक पकडली कशाने? आलेखाने, मोजणीने. तेही विज्ञानच. आणि समाताई, तुमच्याशी थोडं भांडायचंय. शेवटचा बिळाचा भाग लांबला म्हणता, पण ते लोक तिथे जातात कशाला? अंडी मोजायला! किती फुटली, किती पिल्लं निघाली, बेटाबाहेर किती गेली असतील. डायनोसॉरचा अभ्यासक ग्रँट, त्याचा हट्टच तो आहे. नुसतं पळून जाता येत असतं, तरी हा माणूस अंधाऱ्या बिळात उतरतो, कारण कॉम्प्युटरच्या मोजणीवर त्याचा आता विश्वास नाही. कंट्रोल रूम दादा पंपाला हात लावतात ना, तेच.

फतेगंज_फास्ट

आता हाही शेवट 😭

आकडेमोड

अरे हो! माफ कर बाळा. पण ते बिळात गेल्यावर काय होतं ते मी सांगितलेलं नाही.

समा_सावली

सर, हरले. रात्री तो भाग परत वाचते.

प्राणीशास्त्र_बेन

शाळेत शिकवते. पुस्तकात माद्यांच्या नर होण्याला कारण दिलंय डायनोसॉरच्या तुटक्या डीएनएत भर म्हणून घातलेला बेडकाचा डीएनए, काही बेडूक लिंग बदलतात म्हणून. मुलांना मी त्यापुढे आपल्या मगरीचं सांगते, ते खरं आहे आणि जास्त अद्भुत आहे. मगरीचं नर की मादी हे अंड्यात शिरतानाच ठरलेलं नसतं, घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. त्याच आईची अंडी, थोडी ऊब कमी-जास्त, आणि घर सगळं मुलींचं किंवा बरेच मुलगे. विश्वामित्रीच्या काठावर उन्हाळ्यात अंडी, पावसाच्या तोंडाला पिल्लं. आई तोंडात धरून पाण्यात नेते, एवढे दात असलेल्या तोंडात. मुलं एकदम शांत होतात हे ऐकून.

पुरात मगरी “शहरात घुसल्या” असं सगळे म्हणत होते. मला वाईट वाटायचं. त्या घुसल्या नाहीत, नदीने त्यांना आपल्या दारात आणून टाकलं. पकडून परत सोडणाऱ्या मुलांना खरंच सलाम. समाताई, ते दोन फुटांचं पिल्लू वर्षा-दीड वर्षाचं असेल.

समा_सावली

हो बेन, ते पिल्लू हातात घेतल्यावर त्याने बारीक आवाज काढला होता. चिवचिव केल्यासारखा. माझा लेक अजून ती नक्कल करतो.

रावपुऱ्याची_सून

मी इथे फारसं लिहीत नाही. पण आकड्यांचं वाचून राहवलं नाही.

बाबा एका छोट्या वाचनालयात कामाला होते. आम्हाला लहानपणी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत दाखवायला न्यायचे, सयाजीराव महाराजांनी काय उभं करून ठेवलंय बघा म्हणून. तिथले लोखंडी रॅक आणि काचेचे मजले, खालून वरचा उजेड झिरपतो. मी घाबरून काचेवर पाय ठेवत नव्हते, बाबा म्हणायचे, हिने एवढी पुस्तकं पेललीत, तुझं काय वजन.

२०१९ला बाबा आजारी पडले, बारा दिवस दवाखान्यात. रात्री झोप नसायची त्यांना. माझ्या पर्समध्ये ‘जुरासिक पार्क’ होतं, माझ्या मुलाचं. बाबांना इंग्रजी वाचता यायचं नाही फारसं, म्हणून मी रोज रात्री थोडं वाचायची आणि मराठीत सांगायची. हळू आवाजात, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांनाही ऐकू जाईल एवढं. तेही ऐकायचे. डायनोसॉरचं बाबांना फार काही वाटलं नाही. पण मोजणीचा भाग आला तेव्हा उठून बसले. म्हणाले, “मग! मी तेच सांगायचो.” वाचनालयात दर वर्षी पुस्तकांची मोजणी व्हायची. रजिस्टर घेऊन एकजण नंबर वाचणार, दुसरा कपाटात बघणार. आहे, आहे, नाही, आहे. हरवलेली सापडायची यादी. बाबा म्हणायचे, अशाने जास्तीचं पुस्तक कधीच सापडणार नाही. जास्तीचं शोधायचं तर रजिस्टर मिटून कपाटासमोर उभं राहावं लागतं. आणि एका वर्षी त्यांनी तसं केलं, तर एक पुस्तक निघालं, नंबर नाही, शिक्का नाही. आत कोणाचंतरी पत्र होतं. कोणी चुकून घरचं पुस्तक परत करून गेलं होतं. बाबांनी पत्ता शोधून नेऊन दिलं. त्या घरच्या बाईंच्या नवऱ्याचं अक्षर होतं ते, नवरा गेलेला.

हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्या रात्री सांगितलं. पुस्तक पूर्ण सांगून झालं नाही, बिळाच्या आधीच राहिलं. शेजारचे आजोबा मला नंतर जिन्यात भेटले, म्हणाले, बेटा, पुढे काय झालं? मी तिथेच पायरीवर बसून त्यांना पुढचं सगळं सांगितलं.

कुकरची_शिट्टी

ताई. काही सुचत नाही लिहायला.

मांजलपूरची_मावशी

डोळे भरून आले ग पोरी. माझे सासरेही त्या लायब्ररीत जाऊन बसायचे, डबा घेऊन.

कंट्रोल_रूम

झोपलो नाही अजून. बाबांना नमस्कार.

काठावरचा

रजिस्टर मिटून कपाटासमोर उभं राहायचं. हे मी लिहून घेतलं. पुस्तक परत एकदा वाचतो, माल्कमची पानं सोडून.

फतेगंज_फास्ट

२३८ वर आलो! मला माहीत असूनही अंगावर काटा आला. समामावशी, तुमच्या प्रतीतले पेन्सिलीचे अर्थ बघायला मिळतील का? माझी मोबाईलवरची आहे, तिच्यात काहीच नाही.

समा_सावली

रविवारी सकाळी कमाटी बागेत बँडस्टँडजवळ ये, मी चालायला येतेच. बाकी कोणाला यायचं असेल तर या, शेंगा मी आणते. रावपुऱ्याची सून, तू ये नक्की.

थोडे अर्थ आत्ता देते. ‘पॅडॉक’ म्हणजे “गुरांचा वाडा”. ‘फॉसिल’ म्हणजे “जीवाश्म, दगड झालेला प्राणी”. ‘हॅच’ म्हणजे “अंडं फोडणे (पिल्लाने)”. आणि पहिल्याच काही पानांत ‘एक्स्टिंक्ट’ आहे, त्याच्यापुढे स्वच्छ अक्षरात “नामशेष”. पण त्या “नामशेष”पुढे दुसऱ्या, बोथट पेन्सिलीने काढलेलं एक मोठं प्रश्नचिन्ह आहे. २३८चं पान वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मागे येऊन काढलं असणार.